एक मणी कमी

नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं मी शंभर मोजले.
बोटाला रबरी टोपी, शेजारी ओला स्पंज,
शंभर झाले की कागदी पट्टी, पट्टीवर सही.
एक नोट कमी भरली की फाटक बंद.
एकदा रात्री साडेदहापर्यंत
आम्ही जेवणाचे डबेसुद्धा पालथे घातले,
आणि ती निघाली यंत्राच्या पोटात,
दुमडून बसलेली, दहा रुपयांची.

आता फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला
मेणबत्तीवाला आणि रेवडीवाला यांच्यामध्ये माझं टेबल:
पक्कड, तार, दोरा,
बिस्किटांच्या डब्यात सुटे मणी.
तुटलेली माळ घेऊन कुणी आलं
की मी आधी विचारतो, कोणती?
कोणती म्हणजे? जपमाळ!
पाच दशकांची असेल तर डोळे मिटून ओवतो.
पण संत मिखाएलाची निराळी, देवदूतांचे नऊ गण.
संत अंतोनीची तेरा तिकड्यांची,
ती बहुधा किल्ल्या हरवणाऱ्यांची.
बाळाची सर्वांत आखूड, मुठीत मावते:
तीन मणी त्या घरातल्या तिघांचे,
बारा त्याच्या लहानपणाच्या वर्षांचे.
आणि सात दुःखांची: सात साते.

दोरा मी पंचवटीतून आणतो, रुद्राक्षवाल्या गायधनींकडून.
ते म्हणतात, आमचं एकशेआठ, विषय संपला.
तुमचं बुवा काही ठरतच नाही.
मी म्हणतो, ज्याचं जेवढं दुखतं तेवढे मणी.
गायधनी म्हणतात,
मग दोन रिळं न्या.

हर्मिना साळवे संगमनेरहून आली,
रुमालात आईची माळ, शिसवी, घामानं गुळगुळीत.
मी मोजली. शेपटाचे तीन वेगळे धरून
अठ्ठेचाळीस.
पुन्हा मोजली, बोटाला नसलेली टोपी चढवून.
सात, सात, सहा,
सात, सात, सात, सात.
एक कमी आहे, म्हणालो, आणि हात डब्यात घातला.
तिनं माझं मनगट धरलं.
असू द्या.

तिसरं दुःख. मुलगा हरवतो,
सणाच्या गर्दीत, यरुशलेमला.
‘तिथला सातवा मणी आईनं स्वतः काढला,
आमचा अल्बान घरातून गेला त्या वर्षी.
सहा वेळा नमो मरिया म्हणायची
आणि मग गप्प.
आम्हालाही गप्प बसवायची.
जिन्यावर चप्पल वाजते का ऐकायची.’
आणि मणी?
‘त्याच्या कंपासपेटीत. आला की ओवीन, म्हणायची.’
मी आला का ते विचारलं नाही.
ती मेणबत्त्यांच्या रांगेकडे बघत होती.
‘आई नाताळानंतर गेली,’ ती म्हणाली.
‘कंपासपेटी माझ्याकडे आहे.’

टेबलाच्या कडेला बाळाच्या माळा लोंबत होत्या,
निळ्या, गुलाबी, प्लॅस्टिकच्या.
इतकी वर्षं मी त्या ओवतो
आणि कधी लक्षात आलं नव्हतं:
बारावा मणी सुटतो
तिथेच हे तिसरं दुःख सुरू होतं,
तेव्हा तो बारा वर्षांचाच होता.
पण सातांपैकी हे एकच असं
की ज्यात तो सापडतो. तीन दिवस लागतात.
अल्बानला किती झाले?
हर्मिना म्हणाली, एकोणीस वर्षं.

दोरा बदलला. गाठी नव्या मारल्या.
सहाव्या मण्यापुढे एक कडी बसवली,
नखानं उघडेल एवढीच घट्ट,
एक मणी सरकेल एवढी मोठी.
तिनं ती दोनदा उघडून पाहिली.
वीस रुपये. तिनं पन्नासची नोट दिली,
मी ती सवयीनं उजेडात धरली
आणि मग ओशाळलो.

रात्री रेवडीवाल्यानं ताडपत्री गुंडाळली.
शेवटची बस भरली, पोरं खांद्यांवर झोपलेली.
मी पक्कड पुसून ठेवली.
हिशेबात एक कमी,
आणि फाटक उघडं.